मूल मिटायला लागलं की

मंडळी, नैराश्य मुलांमध्ये बरेचदा रडण्यातून नाही, चिडचिडीतून दिसतं. सोबत झोप-भूक बिघडते, आवडता खेळ सुटतो, शाळेच्या दिवशी सकाळीच पोट दुखतं. ते ढोंग नसतं, खरंच दुखतं. हे जवळजवळ रोज, सलग 2 आठवडे चाललं तर डॉक्टरांची वेळ घ्या. झोप कधी लागली, जेवण किती गेलं, शाळा किती बुडाली हे तारखेसह लिहून न्या. ‘हल्ली जरा गप्प असतो’ यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही.

समोर बसवून उलटतपासणी घेतली की मूल आणखी मिटतं. गाडीत शेजारी बसून किंवा भांडी आवरताना ते जास्त बोलतं. विचारा आणि गप्प राहा. ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ म्हणालात की बोलणं तिथंच संपलं!

मग तो प्रश्न, जो आपण सगळेच टाळतो: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ अशाच सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, कसं करायचं ते ठरवलंय का, हेही विचारा. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं न सोडता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा. टोकाची उबळ बरेचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचू शकतो. गोळ्या घेतल्याचा नुसता संशय आला तरी मूल ठीक दिसतंय म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलमुळे झालेली यकृताची हानी उशिरा दिसते.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

शाळेची धास्ती घेतलेल्या मुलाला घरीच ठेवलं की धास्ती वाढते. शिक्षकांशी ठरवून आधी फाटकापर्यंत, मग एक तास, मग अर्धा दिवस असं न्या.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल आणि तिथली भाषा तुम्हाला अवघड जात असेल तर दवाखान्यात दुभाषा मागा. मुलालाच दुभाषा करू नका. आणि नातेवाइकांना, महाराष्ट्र मंडळात कुणाला काय सांगायचं, ते आधी मुलाला विचारा.