पत्रपेटीवरचं नाव, खिडकीवरचं पाणी

(दृश्य: श्टुटगार्टचं फाइहिंगेन उपनगर. विद्यार्थी वसतिगृहाच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग.)

जर्मनीत शिकायला आलात, तर विद्यापीठाचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं. लेक्चर्स मात्र महिन्याच्या मध्याला. मधले दिवस शहर बघण्यासाठी नाहीत, कागदांसाठी आहेत.

खोलीची किल्ली मिळाली की बॅग उघडायच्या आधी पत्रपेटीवर आडनाव लावा. इथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल, तर पत्र परत जातं. आणि पहिल्या महिन्यात टपालाने बरंच काही येतं: बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटातून, आरोग्यविम्याचं कार्ड, कर क्रमांक. एक पत्र चुकलं की पुढचं काम अडतं.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. हीच ती आनमेल्डुंग. ती होते ब्युर्गरब्युरोत, म्हणजे महापालिकेच्या नागरिक कार्यालयात. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस इथे राहतो’ असा दाखला, एवढं लागतं. पुष्कळ जण भाडेकरार घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात, कारण करार त्या दाखल्याची जागा घेत नाही. वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती पटकन मिळत नाही. म्हणून दोन आठवडे उलटून जाणार असं दिसलं, तरी आरक्षणाचा ईमेल जपून ठेवा. ‘खोली स्वस्त आहे, पण नोंदणी करता येणार नाही’ असं कोणी सांगितलं, तर ती खोली मुळीच स्वस्त नाही.

फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहायचं. महाराष्ट्रातल्या अनेक पासपोर्टांवर वडिलांचं नाव मुलाच्या नावाला जोडून छापलेलं असतं. इथलं कार्यालय ते दुसरं पहिलं नाव धरतं. बँकेत एक, विद्यापीठात दुसरं, असं झालं की निस्तरायला आठवडे जातात. धर्माचा रकानाही सहज भरायचा नाही. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद असेल, तर पुढे पगारावर आयकर लागू झाल्यावर चर्चकरही कापला जातो.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी एक पत्र येतं, जे जाहिरात समजून हमखास कचऱ्यात जातं. ते असतं रेडिओ-टीव्ही शुल्काचं: दरमहा १८.३६ युरो. टीव्ही असो वा नसो, ते प्रत्येक घरामागे द्यावंच लागतं. तिघं मिळून एका फ्लॅटमध्ये राहत असतील, तर एकाने भरायचं आणि बाकीच्या दोघांनी पत्राच्या उत्तरात त्याचा शुल्क-क्रमांक कळवायचा. उत्तर दिलं नाही, तर थकबाकी साचत जाते.

पैशांची गंमत अशी, की ते असतात, पण हातात नसतात. व्हिसासाठी श्पेरकोन्टोत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असतात. त्यातून महिन्याला मिळतात ९९२, तेही इथलं चालू खातं उघडल्यावर. उलट घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. म्हणून दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर वेगळे आणणं आम्हाला आवश्यक वाटतं.

(दृश्य: सकाळ. खोलीच्या खिडकीची काच आतून ओघळते आहे.)

नोव्हेंबर लागला की खोली स्वतःच प्रश्न विचारू लागते. बारा चौरस मीटरच्या खोलीत साधारण तीस घनमीटर हवा मावते. वीस अंशाला ती हवा फार तर अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवते. रात्रभरात एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून पाव लिटरहून जास्त पाणी बाहेर पडतं. त्यात कुकरच्या शिट्ट्या, चहाचं आधण आणि दोरीवरचे ओले कपडे. मशीनभर कपडे एक-दोन लिटर सोडतात. हे पाणी सगळ्यात थंड जागी जमतं: काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटाची मागची बाजू. तिथे काळी बुरशी धरते. घर सोडताना भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च अनामतीतून वजा होऊ शकतो.

उपाय फुकटचा आहे. दिवसातून तीनदा खिडकी पूर्ण उघडा, पाचेक मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटरची चावी बंद ठेवा. याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात. अनेक भाडेकरारांत त्याचं कलमच असतं. खिडकी वरून किंचित कलती ठेवून दिवसभर सोडणं सगळ्यात वाईट. हवा फारशी बदलत नाही आणि आजूबाजूची भिंत गार पडते, मग बुरशी नेमकी तिथेच धरते.

कोकणातला पावसाळा पाहिलेल्याला इथे एक शंका येतेच: बाहेर पाऊस असताना खिडकी उघडली तर ओल आत येणार नाही का? नाही. पाच अंशाची ओलीचिंब हवासुद्धा आत येऊन वीस अंशापर्यंत तापली, की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते. दमट जुलैची सवय इथे सोडून द्यावी लागते.

हीटरवरचे आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. तीन म्हणजे सुमारे वीस अंश. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

फोडणीचा धूर झाला तर दार नव्हे, खिडकी उघडा. दार उघडलं की धूर कॉरिडॉरमधल्या धूरसूचकाकडे जातो. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो.

पोळ्यांसाठी सुपरमार्केटातलं ४०५ नंबरचं पीठ घेऊ नका, तो मैदाच. तुर्की किंवा भारतीय दुकानात आटा मिळतो. कोथिंबीर आणि भेंडीसाठीही तुर्की दुकान बरं. चक्क्याऐवजी पाकिटावर ‘४० टक्के’ लिहिलेलं क्वार्क चालतं (हे प्रमाण पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचं असतं); श्रीखंड करायचं तर आधी फडक्यात बांधून पाणी काढा.

रविवारी दुकानं बंद. खरेदी शनिवारी उरकायची. डबाबंद पेयांवर आणि एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट फांड असतो, म्हणजे रिकामी बाटली परत केली की मिळणारी अनामत. त्या चेपू नका, बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राला चिन्ह वाचता आलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकायच्या, पण रविवारी नाही, आवाज होतो. कचऱ्याच्या डब्यांचे रंग शहरागणिक बदलतात, तेव्हा डब्यावरचं वाचा.

(दृश्य: जुन्या इमारतीचा जिना. एका दारावर लटकलेली छोटी पाटी.)

वसतिगृह सोडून जुन्या इमारतीत राहायला गेलात, तर श्टुटगार्टच्या या श्वाबेन भागाची खासियत भेटते: केरवोखं. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. काही घरांत अंगण, पदपथ आणि हिवाळ्यात बर्फही त्यात येतो. सुट्टीत भारतात जाणार असाल, तर शेजाऱ्याशी पाळी आधीच बदलून घ्या आणि ते त्यांना जर्मनमध्येच सांगा, मोडकं असलं तरी चालेल.