फ्लॅप काढून हॉट-फिल्म बसवताना

मंडळी, जुन्या स्पोर्ट्स गाडीचा फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर (हवेच्या झोताने ढकललेल्या झडपेवरून हवा मोजणारा) काढून हॉट-फिल्म सेन्सर (तापवलेल्या पातळ फिल्मवरून हवा मोजणारा) लावला की पॉवर वाढते, असं सर्रास सांगितलं जातं. सेन्सर पॉवर देत नाही. इंजिनात हवा किती शिरली एवढंच तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो. फायदा इतकाच की वाटेतला फ्लॅपचा अडथळा जातो आणि मोजमाप नेमकं होतं.

उदाहरणाला 2.5 लिटरची पोर्शे 944 घेऊ. यातला फ्लॅप स्प्रिंगवर फिरतो आणि त्याला जोडलेली पत्ती कार्बनच्या पट्टीवर घासते. फ्लॅप बंद असताना सिग्नल पाव व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या थोडं वर. पत्ती जास्त वेळ जिथे थांबते तिथली पट्टी आधी झिजते, व्होल्टेज तुटतं आणि पिकअप घेताना गाडी झटका मारते. म्हणून आधी झाकण उघडा, काट्याचा मल्टीमीटर लावा आणि फ्लॅप हाताने सावकाश फिरवा. काटा एकसारखा चढला तर मीटर चांगला आहे, खर्च वाचवा. एका जागी काटा पडत असेल तर पत्ती मिलिमीटरभर सरकवून कोऱ्या पट्टीवर घेता येते. स्प्रिंगच्या दातेरी चाकाला मात्र खूण केल्याशिवाय हात लावू नका.

तरीही बदलायचाच असेल तर आधी माप काढा. 6000 आरपीएमला हे इंजिन तासाला साधारण 440 किलो हवा ओढतं. 480 किलोचा सेन्सर कसाबसा पुरेल, 640चा घ्या. हॉट-फिल्मचा आलेख मूळ फ्लॅपशी जुळत नाही, त्यामुळे मधे सिग्नल बदलणारं कन्व्हर्टर हवंच. सिग्नलची अर्थ वायर बॉडीला नको, ईसीयूच्या अर्थलाच द्या, आयडलला (गाडी उभी असताना) 0.05 व्होल्टची चूकही हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बिघडवते. बॉशची जुनी एल-जेट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा असलेल्या गाड्यांत फ्युएल पंपाचा स्विच फ्लॅपमध्येच असतो. तो रिलेने वेगळा केला नाही तर गाडी सुरूच राहणार नाही.

आता आपल्या उन्हाचं. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा 9 टक्क्यांनी विरळ असते. फ्लॅपला हे पूर्ण कळत नाही, म्हणून त्याच्याच घरात तापमानाचा सेन्सर असतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी करतो. हॉट-फिल्म मात्र थेट हवेचं वजन मोजते. जुना तापमान सेन्सर तसाच जोडलेला राहिला तर तीच वजावट दोनदा होते आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, फुल थ्रॉटलला मिक्श्चर पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. पिस्टन जातो तो इथे. बॉशच्या या तापमान सेन्सरचा रोध 20 अंशांना 2.5 किलोओहम असतो. तेवढाच पक्का रेझिस्टर त्याच्या जागी लावतात. पण ज्या ईसीयूत इग्निशन टायमिंगही तापमान बघून ठरतं तिथे हा उपाय धोक्याचा आहे. तिथे तापमान सेन्सर राहू द्या आणि ती वजावट कन्व्हर्टरच्या टेबलात (सिग्नल बदलण्याच्या तक्त्यात) भरून काढा.

हिंगणघाट, वणी, आर्वीकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू उडतात. तेल लावलेला फिल्टर वापरू नका, जास्तीचं तेल फिल्मवर जाऊन बसतं. कागदी फिल्टर लावा आणि नेहमीच्या निम्म्या अंतराला बदला. साफसफाई एमएएफ क्लीनरनेच (अशा सेन्सरसाठीचा खास स्प्रे). कार्ब क्लीनर किंवा कंप्रेसरची हवा अजिबात नको. सेन्सर आणि इंजिन यांच्यामधली होज फुटकी असेल तर न मोजलेली हवा आत जाते, तेव्हा होजमध्ये धूर भरून गळती बघा.

ट्यूनिंग वाइडबँडवर (सायलेन्सरचा वायू मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लॅम्बडा बघून करा, एएफआरचा (हवा-इंधनाच्या वजनाचं प्रमाण) आकडा बघून नको. लॅम्बडा 1 म्हणजे हवा आणि इंधन बरोबर जुळलेलं, त्याखाली इंधन जास्त. पंपावरच्या ई20 पेट्रोलला (20 टक्के इथेनॉल) शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं आणि शुद्ध पेट्रोलचा 14.7 हा एएफआर तिथे लागू पडत नाही. एका वेगाने चालताना लॅम्बडा 1, फुल थ्रॉटलला 0.86 ते 0.88. हीच चाचणी पहाटे घ्या आणि दुपारी दोनला पुन्हा घ्या. फुल थ्रॉटलच्या दोन आकड्यांत फरक दिसला तर आधी तापमानाची वजावट दोनदा होतेय का ते तपासा.