वही बंद करण्याची तारीख

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: माहिती तंत्रज्ञानावर केलेल्या खर्चातून संस्थेच्या पदरात काय पडतं आणि कसं पडतं. त्याच्यावर मी येतोच. पण आधी तुम्हाला इथल्याच, बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये घेऊन जायचंय. या विषयातलं मला जे काही उमगलंय, त्याचा मोठा वाटा त्या एका खोलीतला आहे.

पंप जुळवणारा कारखाना. नाव नको, मालक सज्जन आहेत. तिथे ईआरपी, म्हणजे सगळी खाती जोडणारं सॉफ्टवेअर, बसवायचं काम आमच्याकडे होतं. स्टोअर, खरेदी, उत्पादन, हिशेब, सगळं एका माळेत ओवायचं. सर्व्हर आला, वायरिंग झालं, पेढे वाटले गेले. आणि तिसऱ्याच सोमवारी बैठकीत असेंब्लीचा सुपरवायझर म्हणाला, "बेअरिंग नाही, काम बंद आहे." खरेदीवाल्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला: 6205 नंबरचं बेअरिंग, शिल्लक 40 नग. झालं, दोघांची जुंपली. शेवटी आम्ही सगळेच उठून स्टोअरमध्ये गेलो. रॅकवरचा तो खण रिकामा. तळाशी ग्रीसचा डाग आणि एक चेपलेलं खोकं.

स्टोअरकीपर म्हणजे पन्नाशी उलटलेले एक गुजराती काका. ते काही बोलले नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी लाल कापडाच्या बांधणीचा चोपडा काढला आणि पान उघडून माझ्यापुढे धरला. पेन्सिलीनं लिहिलेल्या तीन ओळी. 22 नग शेजारच्या युनिटला उसने. 14 नग भिजले, गंज धरला, परत पाठवायचे. 4 नग रात्रपाळीत मेंटेनन्सवाले घेऊन गेले, चिठ्ठी यायची आहे. बेरीज करा. चाळीस!

मी त्या दिवशी काकांवर चिडलो होतो. म्हटलं, सिस्टीम असताना चोपडा कशाला? ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या सिस्टीममध्ये 'उसने' कुठे लिहायचं ते दाखवा, मी उद्यापासून तिथे लिहितो." दाखवता आलं नाही. तो रकानाच नव्हता. नापसंत मालाचा रकाना होता, पण तो भरायचा अधिकार दुसऱ्या खात्याकडे. आणि सगळ्यात मोठी गोम पुढे निघाली: माल गेटवर पोचायच्या आधी पार्टीचं बिल हिशेब खात्यात यायचं, आणि बिलावरूनच माल जमा व्हायचा. म्हणजे काकांनी खोकं उघडून बघायच्या आतच कॉम्प्युटरनं माल पोचल्याचं मान्य केलेलं असायचं.

पुढचे दोन महिने मी तो चोपडा वाचला. अक्षरशः काकांच्या शेजारी स्टुलावर बसून. ग्राहकाचं म्हणणं ऐकावं तसं मी ते ऐकलं, आणि हे मला आधीच करायला हवं होतं. मग 'उसने' हा रकाना आला. रात्रपाळीला स्टोअरची किल्ली कोणाकडे, याचा नियम झाला. काकांनी नग मोजून होकार दिल्याशिवाय माल जमा होणार नाही असं ठरलं. यातला एकही बदल फार खर्चाचा नव्हता. पण शेवटच्या नियमासाठी मालकांना हिशेब खात्याच्या प्रमुखाशी तीनदा बोलावं लागलं, कारण अधिकार त्यांच्याकडून काकांकडे जात होता. मंडळी, हीच खरी जागा आहे. सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये ही ओळ कधी नसते.

इथे किती जणांच्या घरी मोबाईलवर बँकेची शिल्लक दिसते आणि तरीही महिन्याला पासबुक भरून आणतात? हात वर करा. बरेच आहेत! हसू नका, मीही आणतो. ज्या दिवशी आपल्याला पासबुकाशिवाय झोप लागेल, त्या दिवशी बँकेचा दुहेरी खर्च वाचेल. तोवर बँक दोन्हीसाठी पैसे मोजते. कारखान्यातही तेच. चोपडा चालू आणि सिस्टीमही चालू, म्हणजे पगार एका कामाचा आणि श्रम दोन कामांचे.

आता आपण बडोद्यात बसलोय, तेव्हा महाराजांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला इथे आणलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तुम्ही पाहिली असेल: लोखंडी रॅक, मजल्यांना काचेची लादी, म्हणजे वरचा उजेड खाली झिरपतो. त्या काळातलं ते उत्तम तंत्रज्ञान. माणूस बघायला जातो तो काच बघायला. मी म्हणतो, काचेपाशी थांबू नका. बॉर्डन यांच्याच काळात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, हे बघा. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरत्या लायब्ऱ्या पाठवल्या, हे बघा. आणि गावात वाचनालय काढायचं तर एक वाटा गावकऱ्यांनी उभा करायचा, तेवढाच प्रांत पंचायतीनं, तेवढाच सरकारनं. ज्या गावानं स्वतःच्या खिशातून पैसा काढला, ते गाव पेटी कुलूपबंद ठेवेल का? रॅक, माणूस आणि वापरणाऱ्याचा वाटा, तिन्ही उभे केले. सुमारे शंभर वर्षांपूर्वी. आज एखादी कंपनी सर्व्हरसाठी पैसे मंजूर करते आणि प्रशिक्षणाची रक्कम बैठक संपता संपता कापते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. घरचं उदाहरण डोळ्यांसमोर असताना!

आपल्या शेजारी आणंदला चला. गावच्या दूध मंडळीत पूर्वी नमुना बाटलीत घ्यायचे, फॅट नंतर तपासायचे, हिशेब आणखी नंतर. मग वजन आणि फॅट जागेवर दाखवणारं यंत्र आलं. बाई कॅन ओतते, आकडा समोर उजळतो, छापील चिठ्ठी हातात पडते. यंत्राची किंमत वसूल झाली ती या आकड्यावर बसलेल्या विश्वासातून. चांगलं दूध घातलं तर चांगले पैसे, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागलं. माहिती कोणाला दिसते हे बदललं.

रेल्वेचं आरक्षण घ्या. ज्यांनी 1985 च्या आधी तिकिटं काढली आहेत त्यांना आठवेल, अमुक गाडीची खिडकी वेगळी, तमुक गाडीची वेगळी. चुकीच्या रांगेत दोन तास उभं राहून परत यायचं. कॉम्प्युटर आल्यावर कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. बाबूजींची बोटं वेगानं चालू लागली म्हणून हे झालं नाही. खिडकीचा नियमच बदलला. तोच नियम ठेवून नुसती रजिस्टरं स्क्रीनवर आणली असती, तर आपण आजही चुकीच्याच रांगेत असतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. आणि मुख्य विषय आता सुरू होतोय! हरकत नाही, भरभर सांगतो.

1987 साली अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी लिहिलं की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा वाक्य गाजलं. 1990 मध्ये पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकानं विजेच्या इतिहासातून त्याचं उत्तर सुचवलं. एडिसनचं न्यूयॉर्कचं वीज केंद्र 1882 चं, पण कारखान्यांना विजेचा खरा फायदा दिसला तो 1920 च्या दशकात. कारण आधी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, आणि सगळ्या यंत्रांना एकत्र फिरवणारा छताखालचा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, त्याचे पट्टे, सगळं तसंच ठेवलं. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, यंत्रं कामाच्या ओघानं मांडता आली, तेव्हा कुठे उत्पादन वाढलं. काकांचा चोपडा हा आपला शाफ्ट होता.

दुसरा मुद्दा, साखळीचा. 1995 मध्ये क्रिस्टिना सो आणि लिन मार्कस या संशोधकांनी हे फार स्वच्छ मांडलं. खर्चातून आधी वापरण्याजोगी व्यवस्था उभी राहावी लागते, ती नीट वापरली जावी लागते, मग कामावर परिणाम होतो, आणि त्यानंतर कधीतरी नफ्यात काही दिसतं. प्रत्येक सांध्यावर गळती होते. व्यवस्थापन कच्चं असेल तर पहिल्या सांध्यावर, माणसांनी स्वीकारलं नाही तर दुसऱ्या, बाजारात सगळ्यांकडेच तेच असेल तर तिसऱ्या. म्हणून "सॉफ्टवेअर घेतलं, नफा का नाही वाढला?" असं विचारू नका. कुठल्या सांध्यावर गळतंय, ते विचारा.

तिसरा, नफा आणि मोल एक नाही. एटीएम जवळजवळ सगळ्याच बँकांनी लावले. फायदा झालाच, पण स्पर्धेमुळे त्यातला मोठा भाग तुमच्या-माझ्याकडे आला. खर्च वाया गेला असं म्हणायचं का? नाही. पण संचालकांनी हे आधी जाणून पैसा घालावा. टिकाऊ आघाडी मिळते ती दुसऱ्याला विकत घेता येणार नाही अशा गोष्टीतून, म्हणजे तुमच्या माणसांनी तुमच्याच कामाभोवती बसवलेल्या पद्धतीतून.

आणि माझा हट्ट एवढाच आहे की प्रकल्पाच्या मंजुरीच्या कागदावर दोन गोष्टी लिहिल्या जाव्यात. जुनी वही कोणी वाचली त्याचं नाव, आणि ती वही बंद होण्याची तारीख. या क्रमानं. न वाचता बंद केली तर ती ड्रॉवरमध्ये जिवंत राहते.

मकरपुऱ्यात आम्ही दिवाळी धरली होती. आपल्याकडे चोपडापूजन तेव्हाच, नवं वर्षही तेव्हाच. काकांनी जुन्या चोपड्याला कुंकू लावलं, लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवला, आणि त्या वर्षी नवा आणलाच नाही. नवा आणावा की नाही हे मी त्यांना विचारलं नव्हतं. पूजेच्या पाटावर त्यांनी कीबोर्ड ठेवला होता, त्यावर एक सुपारी.