झाडाचं तोंड कुठं असतं?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

विषय जाहीर झालाय ‘उन्हाळ्यातली लागवड आणि झाडांची निगा’. त्यावर मी बोलणार आहेच. पण आधी जरा हात वर करा बघू. नव्या झाडाला रोज पाणी घालणारे किती जण आहेत? जवळजवळ सगळेच. छान. आता त्यातले जे पाणी खोडाच्या बुडाशी ओततात, त्यांनीच हात वर ठेवा. एकही हात खाली आला नाही! मग आजची संध्याकाळ सत्कारणी लागणार.

कडक उन्हाच्या प्रदेशात नवी झाडं का जातात, हे मी बरीच वर्षं बघतोय. गेलेलं झाड उपटून त्याच्या मुळांकडे बघायची मला सवयच लागली आहे. त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. ऊन त्यांना मारत नाही, आणि पुष्कळदा पाण्याचा तुटवडाही मारत नाही. पाणी भरपूर असतं, पण भलत्या ठिकाणी पडत असतं. आपण खोडाला झाडाचं तोंड समजतो. खोड हा नुसता गळा आहे. तोंड पार तिकडे, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे, केसासारख्या बारीक मुळांच्या टोकांशी असतं.

हे मला एका कडुनिंबानं शिकवलं. त्याचा एक तुकडा मी बरोबर आणलाय. हा पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. जपून धरा, जड आहे.

ते रोप मी घेतलं तेव्हा माझ्या उंचीचं होतं, काळ्या पिशवीतलं, तजेलदार. उंच रोप म्हणजे चांगलं रोप अशी माझी तेव्हा समजूत. पिशवी फाडली, मातीचा गड्डा जसाच्या तसा खड्ड्यात ठेवला, भोवती छोटंसं आळं केलं आणि रोज संध्याकाळी एक बादली पाणी बुंध्याशी ओतायला लागलो. एक दिवस चुकवला नाही. गावाला जायचं झालं तर कुणाला तरी सांगून जायचो. झाड वाढलं. पाचव्या वर्षी त्याखाली बसण्यापुरती सावली आली. सातव्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी, सोसाट्याचा वारा सुटला. मी खिडकीतच उभा होतो. कडकड काही झाली नाही, फांदी मोडली नाही. ते उभंच्या उभं, सावकाश, कुणीतरी हात धरून झोपवावं तसं आडवं झालं.

धावत बाहेर गेलो. मला वाटलं, खाली मोठा खड्डा पडला असेल. पडलेला खळगा घमेल्याएवढा होता. सात वर्षांचं झाड, आणि बूड घमेल्याएवढं! मनगटाएवढं जाड एक मूळ खोडाभोवती दीड वेढा घालून बसलं होतं. जिथं ते दाबत होतं तिथं खोडाला खोल खाच पडली होती, करकचून दोरी बांधल्यासारखी. बाकीच्या मुळांची जाळी वरच्या चार बोटं मातीत, आळ्याच्या आत, विणल्यासारखी गच्च. खाली गेलेलं मूळ एकही नव्हतं. तुमच्या हातात फिरतोय तो त्याच वेढ्याचा तुकडा. त्याचा बाक नीट बघा. पिशवीचा गोल सात वर्षांनी तसाच आहे.

कितीतरी दिवस मला त्या बाजूला बघवत नव्हतं. मग हळूहळू विचार करायला लागलो, की यात दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली पिशवीची. मूळ वाढत वाढत पिशवीच्या भिंतीला टेकतं आणि वळतं. कोवळं असताना वळलेलं मूळ पुढे लाकूड होतं आणि ते वळण सोडत नाही. जमिनीत लावलं तरी गोलच फिरत राहतं. खोड जाड होतं, मूळही जाड होतं, आणि एक दिवस एकमेकांना आवळायला लागतात. उपाय लावतानाच करायचा: गड्ड्याच्या कडेला चार बाजूंनी धारदार सुरीनं वरून खाली उभे छेद द्यायचे, तळाशी गुंडाळलेली मुळं कापून टाकायची. हात कचरतो, मला माहीत आहे. पण छेद दिलेल्या जागेतून नवी मुळं सरळ बाहेरच्या मातीत जातात. आणि उंच रोपाचा मोह सोडा. त्याच पिशवीत जितका जास्त काळ रोप राहिलेलं, तितकं ते उंच आणि तितकाच मुळांचा गुंता मोठा.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती आपण रोज करतो. साधा हिशेब मांडू. एक चौरस मीटरच्या आळ्यात १० लिटरची बादली ओतली, तर पाण्याचा थर किती होतो? १ सेंटिमीटर. मध्यम पोताच्या कोरड्या मातीत तेवढं पाणी चार-पाच बोटं खोल जातं आणि थांबतं. दुसऱ्या दिवशी वरची तीच माती तापते आणि त्यातलं बरंचसं उडून जातं. आपण पुन्हा बादली ओततो, पुन्हा चार-पाच बोटं. खालची माती उन्हाळाभर कोरडीठाक. आता मूळ कुठे वाढेल? मुळाला लांबवरच्या पाण्याचा वास येतो, असं आपण ऐकत आलोय. तसं नसतं. ओल आणि हवा दोन्ही जिथं मिळते तिथं मूळ फोफावतं, कोरड्या मातीत थबकतं. रोजच्या बादलीनं आपण मुळांना वर बोलावतो, ऐन भट्टीत. मग आठ दिवस पाणी चुकलं की झाडाकडे शिल्लक काहीच नसतं.

म्हणून पाणी क्वचित द्या, पण खोल द्या. एक लोखंडी सळई जवळ ठेवा, बोटाएवढी जाड, हातभर लांब. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती मातीत दाबा. ओल आहे तोवर ती सहज जाते, कोरडी माती लागली की अडते. हातभर गेली तर पाणी पोचलं. चार बोटांवर अडली, तर कालचं पाणी आपल्या समाधानापुरतं होतं. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती, ज्याला कळतो त्याला सळई लागत नाही, पण आपण बागेत हौसेनं येणारी माणसं, आपल्याला सळई बरी.

झाड एवढं पाणी करतं काय, असंही विचारलं जातं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकानं १७२४ च्या उन्हाळ्यात एक सूर्यफूल कुंडीत लावलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्यानं बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळ ती वजनकाट्यावर ठेवली. कमरेला लागेल एवढं रोप, पण दिवसाच्या बारा तासांत सरासरी अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पानांतून उडवत होतं. हे त्यानं १७२७ मध्ये छापलं. मला या माणसाबद्दल फार ममत्व वाटतं. काटा, कुंडी आणि चिकाटी, बस्स. पुढे १८९४ मध्ये डिक्सन आणि जोली या डब्लिनच्या दोघांनी मांडलं, की पानांतून पाणी उडतं त्याच्या ताणानंच खालचं पाणी वर ओढलं जातं. पाण्याचा एक अखंड धागा, मुळाच्या टोकापासून शेंड्याच्या पानापर्यंत. पान ओढतं, मूळ पुरवतं. पुरवठा कमी पडला की पान आपली रंध्रं मिटून घेतं. ओढ थांबते, पण पाण्याच्या वाफेनं मिळणारा गारवाही जातो आणि पान तापतं.

यातूनच एक फार उपयोगाची खूण मिळते. दुपारी दोन वाजता पानं माना टाकतात आणि आपण घाबरून पाणी घालायला धावतो. धावू नका. ओढ जास्त आणि पुरवठा कमी, अशी ती वेळच असते. संध्याकाळी बघा, रात्री बघा, आणि मुख्य म्हणजे सूर्य उगवायच्या आधी बघा. रात्रभर ओढ नसताना मुळांनी तूट भरून काढलेली असते. पहाटेही पान लोंबत असेल, तर काहीतरी बिनसलंय. तेव्हासुद्धा आधी सळई, मग बादली. कारण माती चिंब असूनही पान लोंबतं. पाण्यानं मातीतली हवा हाकलली की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाण्यात उभं राहून पाणी पिऊ शकत नाही. अशा झाडाला तहान लागली समजून अजून पाणी घालणारे मी कितीतरी पाहिलेत. जीव लावणारी माणसं असतात ती, म्हणूनच वाईट वाटतं.

तिकडून प्रश्न आलाय: दुपारी पाणी घातलं तर थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात का? २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. गुळगुळीत पानावरच्या थेंबानं पान जळत नाही. पानावर मेणचट लव असेल आणि थेंब त्या लवेवर उचलून धरला गेला, तर डाग पडू शकतो. दुपारी पाणी देऊ नये ते यासाठी, की त्यातलं बरंच वाया जातं. झाड कासावीस झालंच असेल, तर दुपारीसुद्धा खुशाल द्या.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणताहेत. लागवड तर अजून राहिलीच, तेव्हा आता भराभरा सांगतो.

उन्हाळ्यात झाड लावू नये असं नाही. लावणं सोपं नाही, इतकंच. हवा गार असताना लावणं केव्हाही चांगलं, कारण मुळांना पसरायला वेळ मिळतो. पण लावायचंच असेल तर पिशवीतलं किंवा कुंडीतलं रोप घ्या. उघड्या मुळांचं रोप या दिवसांत टिकवणं कठीण.

खड्डा उथळ आणि रुंद घ्या. रुंदी गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट, खोली गड्ड्याएवढीच. फार खोल खणून सैल माती भरली की ती खचते आणि झाड खाली बसतं. आदल्या दिवशी खड्डा पाण्यानं भरून जिरू द्या. पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल, तर त्या जागी झाड लावू नका. लावायची वेळ संध्याकाळची, म्हणजे सगळी रात्र झाडाच्या हाताशी राहते. बुंधा जिथं रुंदावून मुळं फुटतात, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला की सालीला कायमची ओल लागते आणि ती कुजते.

सुरुवातीला पाणी गड्ड्यावरच द्या, आणि तेव्हा ते वरचेवर द्यावं लागतं. कारण त्या घटकेला झाडाचं तोंड तिथंच आहे, आणि भोवतीची माती ओली असूनही गड्डा आत सुकलेला असू शकतो. मुळं बाहेर पडतील तसं आळं बाहेर सरकवत न्यायचं आणि पाण्यातलं अंतर वाढवायचं. बुंध्याचा तो रुंद भाग न गाडता खोडाभोवती मातीचा छोटा उंचवटा करा, म्हणजे पाणी तिथं साचत नाही. बिनझिलईचं मातीचं मडकं जवळ पुरून भरून ठेवलं तर पाणी झिरपत राहतं. ही युक्ती चीनमधल्या फान शंग-चीच्या शेतीग्रंथात आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या.

आच्छादन हवंच. पालापाचोळा, लाकडाचा भुसा, सुकं गवत, जे मिळेल ते, चार बोटं जाड. फक्त खोडापासून वीतभर लांब. खत आत्ता नको. खतानं पालवी फुटते, आणि ती पालवी पोसायला मुळं नसतात. सावली हवी ती पश्चिमेकडून, कारण तिसऱ्या प्रहराचं ऊन सगळ्यांत वाईट. कोवळ्या उघड्या खोडाला पातळ चुना लावला तर साल भाजत नाही. काळ्या कुंड्या उन्हात ठेवू नका. पश्चिमेकडची बाजू इतकी तापते, की त्या बाजूची मुळं मरतात. कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

छाटणी. पानं कमी केली की झाडाला पाणी कमी लागेल, म्हणून लावताना सपासप छाटू नका. नवी मुळं त्याच पानांच्या जिवावर फुटायची असतात. मोडकं, वाळकं तेवढं काढा. कापायचं ते फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर, आणि त्यावर डांबर-रंग काही फासू नका. अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून बघितली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून तिला आत कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. कडं कापलं की ती भिंत नीट होत नाही.

आधाराची काठी गरज असली तरच, आणि सैल बांधा. खोड हललं पाहिजे. हललं की बुंधा जाड होतो आणि मुळं पकड घेतात. वर्षभरात काठी काढून टाका.

तो तुकडा मागच्या रांगेपर्यंत गेला का? परत पुढे पाठवा, मला तो घरी न्यायचाय. त्याच जागी मी पुन्हा कडुनिंबच लावला, या वेळी गुडघ्याएवढं रोप, आणि तेही भर उन्हाळ्यात. गड्ड्याला चार छेद देताना हात थरथरत होता. त्याचा हा चौथा उन्हाळा. आता त्याला बारा दिवसांनी पाणी देतो, आणि सळई हातभर जाते. दर वर्षी आळं बाहेर सरकवतोय. यंदा ते कुंपणाला टेकलं. पुढच्या वर्षी कुंपणापलीकडूनही पाणी द्यावं लागेल. शेजाऱ्यांशी बोलून ठेवलंय.