‘मी ठीक आहे’ हे पडलेल्या माणसाने ठरवायचं नाही

मंडळी, मोटारसायकलने हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलं की आपण टायर, सस्पेन्शन, सामानाच्या बॅगा यांवर महिनाभर बोलत बसतो. पडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांवर कुणी बोलत नाही. आज मी तेवढंच बोलणार आहे.

जुलै २०१९. आम्ही पाच जण मनाली-स्पिती वाटेवर ग्रांफूहून बातलकडे निघालो होतो. छत्रू मागे पडलं की रस्ता म्हणजे चंद्रा नदीकाठचे गोटे आणि मध्ये मध्ये आडवे येणारे नाले. मोबाइलला रेंज नाही. एका नाल्यातून वर येताना आमच्यातल्या एकाचं पुढचं चाक सटकलं आणि त्याचं डोकं खडकावर आपटलं. आम्ही धावलो आणि काखेत हात घालून त्याला उभं केलं. ही आमची पहिली चूक. तो म्हणाला, “मी ठीक आहे.” आम्हाला तेच ऐकायचं होतं, म्हणून आम्ही ते लगेच मानलं. ही दुसरी, आणि जास्त मोठी.

त्याने चार किलोमीटर गाडी चालवलीसुद्धा. पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, “आपण छत्रू कधी सोडलं?” मी सांगितलं. दोन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाठोपाठ त्याला उलटी झाली.

कुणीतरी म्हणालं, उंचीचा त्रास असेल. असूही शकला असता. बातल सुमारे ३,९५० मीटरवर आहे. विरळ हवेनेही डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. मेंदूला मार लागला तरी हेच होतं. आम्ही त्यावर वाद घालण्यात वीस मिनिटं घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं. निदान करणं आमचं कामच नव्हतं. दोन्हींत करायचं एकच होतं : गाडी चालवू द्यायची नाही आणि त्याला खाली न्यायचं.

पण खाली जायचं तर आधी वर चढावं लागणार होतं. रोहतांग खिंडीखालून जाणारा अटल बोगदा सुरू झाला तो ऑक्टोबर २०२० मध्ये. तेव्हा मनालीला पोचायचं तर ३,९७८ मीटरचा रोहतांग ओलांडावाच लागे. शिवाय दुपारचे दोन वाजून गेले होते. उन्हाने बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याइतका असलेला नाला संध्याकाळी गुडघ्यावर येतो. अजून तासभर थांबलो असतो तर रात्र तिथेच काढावी लागली असती. बातलकडून एक पिकअप आली, तिच्यात त्याला घालून निघालो. कुल्लूला स्कॅन झाला. डोक्यात लहानसा रक्तस्राव होता. ऑपरेशन लागलं नाही आणि तो पूर्ण बरा झाला. छत्रू ते कुल्लू या प्रवासातलं मात्र त्याला आजही काही आठवत नाही.

तेव्हापासून आमचा नियम असा. कुणी पडलं की आधी एकाने मागे जाऊन बाकीच्या गाड्या थांबवायच्या. दुसऱ्याने पडलेल्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायचं आणि त्याला उठू द्यायचं नाही. मान दुखते का, बोटं हलतात का, आज वार कोणता, हे विचारायचं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटला हात लावायचा नाही; गॉगल तेवढा काढायचा. घोटा मोडल्यासारखा वाटला आणि पायाला संवेदना असेल तर बूट पायातच ठेवा, त्याच्याइतका चांगला आधार तिथे दुसरा मिळणार नाही. खांदा आपटून गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडणं आपल्यात नेहमीचं. हात झोळीत घालून छातीशी बांधला की माणूस बसून प्रवास करू शकतो. मांडीचं तसं नाही. मांडीचं हाड मोडलं तर लिटरभर रक्त आतच साचू शकतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. चेहरा पांढरा पडला, गार घाम सुटला, नाडी जलद झाली तर तो मुका मार समजू नका. त्याच्या अंगाखाली आधी कॅरीमॅट, म्हणजे झोपायची फोमची चटई, सरकवा, मग वरून पांघरूण घाला. थंडी जमिनीतून चढते.

मदतीला पाठवायचं तर शक्यतो दोघांना पाठवा, आणि निरोप कागदावर लिहून द्या : जागा, पडल्याची वेळ, काय लागलंय, शुद्ध आहे का. घाबरलेला माणूस अर्धं विसरतो. परदेशातले रायडर बाळगतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, त्यामुळे रेंज नसलेल्या भागात आपली भिस्त या कागदावरच.

आता दोघं पुढे या. एकाने हेल्मेट घालून इथे सतरंजीवर आडवं व्हायचं. श्वास अडलाय असं धरू आणि मान न हलवता हेल्मेट कसं काढायचं ते करून बघू. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मान आणि जबडा खालून धरायचा, मी दाखवतो.