कळतं, तरी वळत का नाही?

तपासणीला पुन्हा कधी यायचं? डॉक्टरांनी दोन तारखा सुचवल्या, दोन्ही पुढच्याच महिन्यातल्या. पेशंटनं डायरी उघडली. त्या दिवशी आणखी कुठली कामं आहेत, हवा कशी असेल... जवळजवळ अर्धा तास त्याचा खल चालला. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "दुसरी तारीख ठेवू या." त्यावर पेशंट लगेच म्हणाला, "चालेल."

हे डॉक्टर म्हणजे त्या वेळी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात असलेले मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ. पेशंटची बुद्धी शाबूत होती. इजा झाली होती ती कपाळामागे, डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर असलेल्या मेंदूच्या भागाला. मागच्या अनुभवातला चटका समोरच्या निवडीशी जोडायचं काम हा भाग करतो. तो जोड तुटला की हिशेब जमतो, पण थांबायचं कुठे ते उमगत नाही.

हे तपासायला दमासिओ, अँटोइन बेचारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्यांचा एक खेळ रचला. समोर चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला १०० डॉलर, पण मधूनच जबर दंड. उरलेल्या दोन्हींत ५०च, दंडही थोडा; शेवटी फायदा यांच्यातच. खेळणाऱ्याला यातलं काहीच सांगायचं नाही. हाताला मात्र घाम मोजणारं यंत्र लावायचं.

निरोगी माणसांच्या बाबतीत दहाएक पानांनंतरच, वाईट गड्डीतलं पान उचलण्याआधी, हाताला किंचित घाम फुटू लागला. त्या वेळी विचारलं, तर खेळात काय चाललंय हे त्यांना सांगता येत नव्हतं. शंका यायला पन्नासएक पानं गेली.

मेंदूच्या त्याच भागाला इजा झालेल्या सहा पेशंटना मात्र असा घाम आलाच नाही. आणि मला सर्वांत हादरवून टाकते ती पुढची गोष्ट: सहापैकी तिघांनी कोणत्या गड्ड्या बुडवणाऱ्या आहेत हे अचूक सांगितलं, आणि तरीही ते त्याच गड्ड्यांकडे वळत राहिले.

१९९७ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. २००४ मध्ये मैया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी आक्षेप घेतला: नीट खोदून विचारलं, तर निरोगी खेळाडूंना बरंच आधी कळलेलं असतं. आक्षेप रास्त आहे. पण कळूनही न वळणारे ते तीन पेशंट त्यानं पुसले जात नाहीत.

अशा माणसाच्या बुद्ध्यांक चाचणीत काहीच खोट दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "सगळं समजतं त्याला, मुद्दाम करतो." नोकरी जाते, संसार मोडतो आणि दोष त्याच्या स्वभावाला लागतो. म्हणून मेंदूला मार लागलेल्यांच्या तपासणीत आज हा पत्त्यांचा खेळही वापरला जातो.