किती फुटाला कोण अडकतं?

नमस्कार मंडळी. सांगलीत पावसाळ्यात माणूस "कसं काय" विचारायच्या आधी "आयर्विनला किती फूट?" विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटावर आलंय. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे शाळेतल्या पोरांनापण पाठ. 2019 ला पाणी 57.5 वर गेलं आणि ज्यांनी 2005 च्या पुराची भिंतीवरची खूण बघून "आमच्याकडं एवढंच येतंय" म्हणत सामान माळ्यावर टाकलं त्यांना मग गच्चीवरनं बोटीनं उतरवावं लागलं.

फूट झाले नदीचे, पण घराचं काय? एकाच गल्लीत, एकाच पाण्यात, एक घर तासाभरात रिकामं होतं आणि शेजारचं अडकतं. का अडकतं हे पाऊस लागायच्या आधी वहीत यायला पाहिजे. सरकारी भाषेत त्याला जोखीम मूल्यमापन म्हणतात, म्हणू देत, आपण सरळ घरोघर फिरायचं.

आम्ही एका वस्तीत फिरलो. दुसऱ्या मजल्यावर एक आजी, पाणी काय तिथवर चढत नाही, म्हणून मी 'सेफ' लिहून निघालो, तर त्याच म्हणाल्या, "बाळा, माझं इन्सुलिन फ्रिजात असतंय, लाइट गेली की काय करू? आणि जिना उतरून मला दोन वर्षं झाली." खोडलं 'सेफ'. कारण पाणी चढलं की शॉक लागू नये म्हणून लाइट घालवतातच, जॅकवेल (नदीतनं गावाला पाणी उपसायची विहीर) बुडाली की नळ बंद, म्हणजे चारी बाजूनं पाणी आणि प्यायला घोटभर नाही. पुढच्या घरात दोन म्हशी, मालक म्हणतो जनावरं हलल्याशिवाय मी हलत नाही. बरोबर आहे की त्याचं! मग दावण कुठं लावायची ते आधी ठरवा, माणूस आपोआप निघतो. मागं पत्र्याच्या खोल्यांत परराज्यातली कामगार पोरं, ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीत, दवंडी मराठीत.

आणि पूर म्हणजेच सगळं नाही हं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजजवळ राहणाऱ्यांनी अमोनिया गळला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनं पळायचं हे कुणाकडनं ऐकलंय का? वर साताऱ्याच्या पाटण तालुक्यात तर 2021 ला आंबेघर, मिरगावला दरडीच आल्या, तिथं फूट मोजून काय उपयोग, तिथं डोंगराला नवी भेग पडली का, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं का, हे बघायचं.

शेवटचं, बोटीचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातनं माणसं बाहेर काढतानाच बोट उलटली. म्हणून बोटीत किती जण बसतात, जॅकेट किती, चालवणार कोण, हे लिहूनच ठेवा. आम्ही एका गावात विचारलं तर बोट होती, चांगली साखळीनं बांधलेली, कुलूप घातलेलं. किल्ली ज्याच्याकडं, तो पुण्याला असतो म्हणे.